‘देवाच्या गौरवासाठी’ म्हणण्याआधी

नाताळ महिन्यावर आला की चर्चच्या कमिटीच्या बैठका सुरू होतात. रोषणाई किती, स्टेज केवढं, साउंड कुणाचा, गव्हाणी यंदा कुठल्या कोपऱ्यात, पाहुणे म्हणून बोलवायचं कुणाला. खर्चाचा आकडा फुगला आणि कुणी हरकत घेतली की एक वाक्य हमखास येतं: “देवाच्या गौरवासाठी आहे हो!” त्यापुढे कुणी बोलत नाही. बोलणार तरी काय? रत्नागिरीतल्या, दापोली-चिपळूणकडच्या ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे की हे वाक्य तोंडातून काढण्याआधी शास्त्र या गौरवाबद्दल काय सांगतं ते एकदा नीट वाचा. शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान मित्रांनीही ऐकायला हरकत नाही. “तुमचा देव थोर कशात?” असं ते कधीमधी विचारतात आणि आपण बहुधा गुळमुळीत उत्तर देतो.

मोशेपासून सुरुवात करा. सीनाय पर्वतावर तो देवाकडे हट्ट धरतो, तुझा गौरव मला दाखव. विजा, आग, धूर हे सगळं त्याने आधीच पाहिलेलं असतं, तरी त्याचं समाधान झालेलं नसतं. देव म्हणतो, माझं चांगुलपण तुझ्यासमोरून नेईन, तोंड मात्र दिसायचं नाही. मग मोशेला खडकाच्या कपारीत उभं करून देव पुढून जातो आणि जाता जाता स्वतःची ओळख सांगतो: कनवाळू, रागवायला वेळ लावणारा, क्षमा करणारा, पण अपराधावर पांघरूण न घालणारा. आपल्या ताकदीचा पाढा तो वाचत नाही. निर्गमाचे तेहेतिसावा आणि चौतिसावा हे दोन अध्याय रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्याने वाचा. मुलं प्रश्न विचारतील, विचारू द्या.

पुढे शलमोनाने यरुशलेमात मंदिर बांधलं, तेव्हा देवाच्या तेजाचा ढग आत इतका भरला की याजकांना उभं राहवेना. देव आता इथेच मुक्कामाला आला, अशी लोकांची समजूत झाली. ती मोडली यहेज्केल संदेष्ट्याने. बाबेलात धरून नेलेल्या लोकांमध्ये, खबार नदीच्या काठी, त्याला तोच गौरव दिसला. मग असंही दिसलं की मंदिरात अनाचार माजल्यामुळे तो गौरव उंबरठ्याशी आला, शहरातून बाहेर पडला आणि पूर्वेच्या डोंगरावर जाऊन थांबला.

हद्दपारी म्हणजे काय, ते रत्नागिरीकराला वेगळं सांगायला नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. ज्याच्यापुढे दरबारी गुडघे टेकायचे, तो सरकारी तनख्याकडे डोळे लावून बसला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 च्या सुमारास तयार झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. वाडा देखणा आहे, पाहुण्यांना आपण हौसेने दाखवतो. पण राजाचं वैभव त्याच्या राजधानीत राहिलं. इस्राएलच्या देवाचा गौरव मात्र कैद्यांच्या मागोमाग परमुलखात गेला.

नव्या करारातही तोच रोख आहे. येशू जन्मला त्या रात्री प्रभूचं तेज फाकलं ते रानात मेंढरं राखणाऱ्या गड्यांभोवती; हेरोदाच्या वाड्यात त्याची खबरही नव्हती. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, यजमानाची अब्रू जायची वेळ आली आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. तिथे त्याने आपला गौरव प्रकट केला असं योहान लिहितो. पण द्राक्षारस आला कुठून, हे पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं, भोजनाच्या कारभाऱ्याला पत्ताच नव्हता. पुढे त्याच शुभवर्तमानात येशू आपल्या गौरवाची घटका आली म्हणतो, ती वधस्तंभाची घटका असते. रोमन राजवटीत गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची ती शिक्षा, चारचौघांत, येणाऱ्याजाणाऱ्यांची थट्टा ऐकत. इथे वाचणारा अडखळतो आणि त्याने अडखळायलाच हवं. मार्टिन लुथरने 1518 साली हायडेलबर्गच्या वादसभेत नेमकं हेच लावून धरलं, की देवाला थाटामाटात शोधणाऱ्याची वाट चुकते, तो क्रूसावरच्या दुःखात ओळखावा लागतो. लुथरचं नाव काही कॅथॉलिक वाचकांना रुचणार नाही. त्यांनी योहान वाचावा, मुद्दा त्याचाच आहे.

आपल्या जिल्ह्याने हे अंगावर घेऊन जगणारा एक माणूस दिला. नारायण वामन टिळक 1861 मध्ये करजगावात जन्मले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेतून ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून माहीत असतात, तेवढ्यावर आपण थांबतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की या गृहस्थाच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की हात रिकामा. त्यापायी संसाराची किती ओढाताण झाली, तेही बाईंनी लपवलेलं नाही. टिळकांना देव्हाऱ्यात बसवायची घाई नको ती त्यासाठीच. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्याला जागा होती आणि न घेतलेल्यालाही. नाव दरबाराचं, कारभार फकिराचा. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

त्यांच्या कितीतरी आधी, 1829 मध्ये, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हर्णैला येऊन मराठी शिकले. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. या स्कॉटिश मंडळींना लहानपणी जी प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे, तिचा पहिलाच प्रश्न असा की माणूस आहे कशासाठी? उत्तर: देवाचा गौरव करावा आणि त्याच्या ठायी सदैव आनंद मानावा. आनंदाचा भाग आपण गाळतो. लेकराला खोकला आला म्हणून उपासनेतून त्याच्या आईकडे वळून बघणाऱ्या ज्येष्ठांनी तो जरूर आठवावा.

आता आपल्याकडे बघू. याकोब आपल्या पत्रात येशूला गौरवाचा प्रभू म्हणतो आणि लगेच विचारतो, सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांतल्याला तिकडे उभा राहा म्हणता, हे काय? आपल्याकडे पुढची खुर्ची नगरसेवकाला. पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, तीन पात्यांवर तीन ओळी. पंखा सुरू झाला की वाचता येत नाही, एवढंच समाधान. देणाऱ्याने द्यावं, त्याचं मन मोडू नका. पण यापुढे देणगी आली तर नाव वहीत लिहा, पात्यावर नको.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून “विश्वास कमी पडला, नाहीतर प्रभूने गौरव दाखवला असता” असं कुणी सांगत असेल, तर त्याला अदबीने दाराबाहेर न्या. लाजाराच्या थडग्याकडे जाताना येशू रडला, भावाच्या मरणाचा दोष त्याने मार्था-मरियेच्या विश्वासावर टाकला नाही. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं चालू ठेवा, प्रार्थनाही चालू ठेवा.

मग सजावट करूच नये का? तसं मी म्हणत नाही. बेथानीत एका बाईने महागडं सुगंधी तेल येशूवर ओतलं आणि हे विकून गरिबांना दिलं असतं तर, अशी कुरकुर झाली, तेव्हा येशूने बाजू घेतली ती तिची. फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट होते, म्हणजे देवाच्या अधिक गौरवासाठी हे ब्रीद असलेल्या संघाचे. त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत रचलं, ते 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, आणि मराठीचं कौतुक करताना त्यांनी शब्दांची उधळण करायला मागेपुढे पाहिलं नाही. देवासमोर सुंदर ते ठेवावं. त्या बाईने स्वतःचं तेल ओतलं होतं, वर्गणीचं नव्हे, इतकंच ध्यानात ठेवा.

तेव्हा पुढच्या बैठकीत खर्चाची यादी वाचून झाली की दुसरी एक यादी मागा: मंडळीत या वर्षी कुणाकडे मयत झाली, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाची नोकरी गेली, कुणाची मुलगी फीपायी घरी बसलीय. पहिल्या यादीतले किती पैसे दुसरीकडे वळवायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवा, फादरांवर किंवा पाळकसाहेबांवर ढकलू नका. पाकीट घेऊन जाणारे दोघेच असावेत आणि स्टेजवरून त्या घरांची नावं कुणी घेऊ नयेत.