ज्यांना वरून हुकूम आला नाही

इंग्लंडच्या फुटबॉल लीगची स्थापना १८८८ साली झाली, आणि तेव्हापासूनच्या तिच्या दप्तरात लीग सामन्यांतील सर्वाधिक गोल कोणाच्या नावावर जमा आहेत, असे विचारले असता आपल्याकडील रसिक जी दहापाच कीर्तिमंत नावे घेईल त्यांत आर्थर राउली हे नाव बहुधा असणार नाही. परंतु ६१९ सामन्यांत ४३४ गोल ही त्यांचीच नोंद असून ती आजतागायत कोणासही पुसता आलेली नाही. वॉल्व्हरहॅम्प्टन येथे १९२६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनसाठी ४, फुलहॅमसाठी २७, लेस्टर सिटीसाठी २५१ आणि अखेरीस श्रूजबरी टाउनसाठी १५२ गोल केले. यांतील बहुतेक गोल वरच्या विभागात झालेले नाहीत. ते दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या विभागांत, लहान शहरांतल्या मैदानांवर झाले. त्यांचे ज्येष्ठ बंधू जॅक राउली मँचेस्टर युनायटेडचे नामांकित आघाडीपटू होते आणि इंग्लंडच्या मुख्य संघातून सहा सामने खेळले. धाकट्या आर्थरना तसे बोलावणे आयुष्यात एकदाही आले नाही.

१९५८ साली, वयाची तिशी उलटून गेल्यावर, ते खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी नेमणुकीवर श्रूजबरीस रुजू झाले. लीगचा चौथा विभाग त्याच वर्षी अस्तित्वात आला होता आणि श्रूजबरीच्या वाट्यास तोच विभाग आला होता. राउलींनी पहिल्याच हंगामात ३८ गोल केले आणि क्लब एक पायरी वर चढला. त्या काळी खेळाडूच्या वेतनावर लीगने मर्यादा घातलेली होती. १९६१ साली ती उठली तेव्हा तिचा आकडा आठवड्यास २० पौंड एवढाच होता. वरच्या विभागातील मोठा खेळाडू काय आणि खालच्या विभागातील राउली काय, लीगच्या नियमाने दोघांचीही कमाई याच कुंपणाच्या आत राहत असे. तेव्हा धनाच्या लोभाने त्यांनी इतकी वर्षे पाय झिजवले असे कोणास म्हणता येणार नाही.

पुष्कळ दिवस मला या नोंदीचे आश्चर्य वाटत असे, की ज्याला राष्ट्राने एकदाही पाचारण केले नाही त्याच्याच नावावर राष्ट्राच्या लीगमधील सर्वांत मोठा आकडा कसा असावा. विचार करता करता लक्षात आले की यात विपरीत काही नाही. किंबहुना असे घडणे हेच स्वाभाविक आहे. ज्याला वरून हुकूम येतो तो निघून जातो. परदेशचे दौरे, मोठे सामने आणि मोठ्या दुखापती यांत त्याचे हंगाम खर्ची पडतात, आणि खालच्या खातेवहीत त्याचे पान अर्धे कोरे राहते. जो राहतो त्याचे पान भरत जाते. आमच्याकडे ज्वारीची टपोरी कणसे बियाण्यासाठी आधीच वेगळी काढतात आणि खळ्यावर जी रास लागते ती उरलेल्या पिकाची असते. मात्र ही तुलना एका जागी लंगडी पडते, कारण खळ्यावर राहिलेले प्रत्येक कणीस वेगळ्या काढलेल्या कणसाहून हलके असते असे मुळीच नाही. कित्येकदा निवडणाऱ्याची टोपलीच तेवढी भरलेली असते.

आपल्या रणजी करंडकाचे दप्तर उघडून पाहिले तर हेच दृश्य दिसते. १९३४-३५ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे ६३७ बळी घेतले ते हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी, आणि ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीसाठी त्यांची संघात निवड झाली होती, परंतु अंतिम अकरांत त्यांचे नाव नव्हते. मुंबईचे पद्माकर शिवलकर हेही त्याच काळातले, आणि गोयल यांच्यासारखेच डावखुऱ्या फिरकीचे. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर त्यांनी तामिळनाडूचा एक डाव १६ धावांत ८ बळी घेऊन आणि दुसरा १८ धावांत ५ बळी घेऊन गुंडाळला. त्यांचे एकूण प्रथम श्रेणी बळी ५८९ झाले. आणि आधीच्या पिढ्यांनी ज्यांना बिशनसिंग बेदी या एका नावापुढे उभे करून मोजले, ते शिवलकर मार्च २०२५ मध्ये कसोटीची टोपी न घालताच हे जग सोडून गेले. बेदी थोर होते याविषयी वादच नाही. पण डावखुऱ्या फिरकीच्या एका जागेसाठी तीन थोर माणसे एकाच दशकात जन्मास आली, तर त्यांतील दोघांचे थोरपण त्यामुळे रद्द होत नाही.

या सर्वांत ज्यांच्या कारकिर्दीने माझे मन अधिक ओढून घेतले ते मुंबईचे फलंदाज अमोल मुजुमदार होत. राउलींप्रमाणे त्यांनाही मुक्काम हलवावे लागले, आणि तेही खालच्या दालनाकडे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुजुमदार, ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिने त्यांच्या पुढील सव्वीस वर्षांना झाकून टाकले आहे. मला ती हकीकत अन्यायाची वाटते. न खेळलेल्या एका डावावरून ज्याची ओळख पटवली जाते, त्याने खेळलेले डाव कोणी वाचावयाचे?

ते वाचण्यासारखे आहेत. १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध मुजुमदारांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले आणि त्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या. पदार्पणातील जागतिक उच्चांक तोवर दक्षिण आफ्रिकेच्या मार्क्स यांचा, १९२०-२१ सालचा, २४० धावांचा होता. मुजुमदारांचा उच्चांक पुढे २०१८ साली मध्य प्रदेशच्या अजय रोहेरा यांनी नाबाद २६७ धावा करून मोडला, म्हणजे सुमारे पाव शतक तो टिकला. त्यानंतर भारत ‘अ’ संघातून राहुल द्रविड व सौरव गांगुली यांच्या सोबतीने ते खेळले. १९९६ साल उजाडले आणि त्या एकाच वर्षात गांगुली, द्रविड व व्ही. व्ही. एस. लक्ष्मण असे तिघे कसोटी संघात दाखल झाले. तेंडुलकर तेथे आधीच होते. पुढील बारा वर्षे भारताच्या मधल्या फळीतील जागा जवळजवळ वतनासारख्या या चौघांकडे राहिल्या, आणि त्यांनी त्या स्वतःच्या गुणांनी राखल्या. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे प्रयोजन नाही. मुजुमदार ज्या दशकात परिपक्व झाले त्या दशकात दरवाजा बंद होता, एवढेच.

२००६-०७ च्या हंगामात ते मुंबईचे कर्णधार होते. आरंभीचे सामने हरल्यामुळे संघ खालच्या गटात ढकलला जाण्याची भीती निर्माण झाली होती. तेथून सावरत मुंबई उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचली, आणि वडोदऱ्याच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात तिचे पहिले पाच फलंदाज एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले. शून्यावर पाच. क्रिकेटच्या कोणत्याही जाणकाराने हा आकडा दोनदा वाचावा. तो सामनाही मुंबईने जिंकला, आणि वानखेडेवरील अंतिम सामन्यात बंगालचा पराभव करून करंडक आणला. अशा हंगामात कर्णधाराच्या अंगी लागणारे जे धैर्य, ते कसोटी संघाच्या शिक्क्यावाचून कमी प्रतीचे ठरते काय?

परंतु माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा खरा गाभा यापुढे आहे. २००९ साली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, ते मुंबई सोडून आसामकडे गेले. २००२-०३ पासून रणजीचे दोन थर करण्यात आले होते, एक एलिट आणि दुसरा प्लेट, आणि आसामचा संघ प्लेट गटात होता. ज्या मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये करंडक हा शिरस्ता समजला जातो, तेथून उठून ज्या संघाने करंडकाचे दर्शनही घेतलेले नाही त्या संघात पाहुणा व्यावसायिक म्हणून जाणे, नवी भाषा, नवा पाऊस, नवे सहकारी यांच्यात पुन्हा पहिल्या चेंडूपासून आरंभ करणे, ही साधी बदली नव्हे. तेथून ते आंध्रकडे गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली तेव्हा १७१ सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके एवढी पुंजी जमली होती. रणजीतील सर्वाधिक धावांचा मानही काही वर्षे त्यांच्याकडे होता. तो त्यांच्याआधी हरियाणाच्या अमरजित केपी यांच्याकडे होता आणि त्यांनाही भारताची टोपी मिळालेली नव्हती. राउली, गोयल, केपी, मुजुमदार या नावांची ओळ लावून पाहिली की मी वर मांडलेला नियम अपवादाचा राहत नाही.

अशा खेळाडूचा उपयोग धावांच्या पलीकडचा असतो आणि त्याची नोंद कोणतेही दप्तर ठेवत नाही. खालच्या गटातील विशीचा गोलंदाज जेव्हा दहा हजार धावांच्या धन्याला चेंडू टाकतो, तेव्हा आपला चेंडू नेमका किती आखूड पडला याचा दाखला त्याला तिथल्या तिथे मिळतो. त्याच संघातील कोवळा फलंदाज दुसऱ्या टोकास उभा राहून पाहतो की उपाहारापूर्वीची अखेरची दहा मिनिटे कशी काढावयाची असतात. श्रूजबरीत राउलींच्या बाजूस खेळणाऱ्या तरुणांचे शिक्षण याहून वेगळे झाले नसेल. स्पर्धेचा खालचा थर अशा माणसांमुळे स्पर्धा या नावास पात्र राहतो; ती नसतील तर तो केवळ प्रतीक्षालय होईल.

सेलू तालुक्यातील आमच्या देवगाव फाट्यावर, जेथे जालना–मंठा–जिंतूर हा मार्ग आणि सेलू-पाथरीकडे वळणारा मार्ग एकत्र येतात, तेथे कोणत्याही खेळाडूचा विषय निघाला की चहाच्या टपरीवरील पहिला प्रश्न ठरलेला असतो: “इंडियाकून खेळला का?” नाही म्हटले की प्रकरण निकालात निघते. प्रश्न विचारणारी पोरे निष्ठुर नाहीत. त्यांना दुसरे परिमाण कोणी दिलेलेच नाही. सोयाबीन निघाले की मोकळ्या रानात टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, आणि त्यांत शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर येऊन दुसऱ्याच गावासाठी खेळणारे, आज या संघात तर उद्या त्या संघात असणारे जे जाणते फलंदाज असतात, त्यांना हीच पोरे कमालीचा मान देतात. त्यांच्याविषयी “हा इंडियाकून का नाही खेळला” असे कोणी विचारत नाही. चौकार पाहतात आणि चौकारावर बोलतात. आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या खेळाचे मोल त्यांना बरोबर कळते. वर्तमानपत्रातून आलेल्या खेळाचेच तेवढे कळत नाही, आणि तो दोष वर्तमानपत्राचा आहे.

या बाबतीत मराठवाड्याचे स्वतःचे उदाहरण इतके जवळ असताना ते आमच्या फाट्यावर फारसे ठाऊक नसावे याचा मला मनापासून खेद होतो. अंकित बावणे हे पैठणचे. पुण्याच्या संघटनेच्या अखत्यारीत मराठवाडा येतो, त्यामुळे आपला रणजी संघ म्हणजे महाराष्ट्राचा संघ, आणि त्या संघातून बावणे २००७-०८ पासून खेळत आले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राचे दोन गडी ४१ धावांवर गेले असता ते स्वप्निल गुगळे यांच्या जोडीला आले. त्यानंतर तिसरा गडी पडलाच नाही. २ बाद ६३५ वर डाव घोषित झाला तेव्हा गुगळे नाबाद ३५१ आणि बावणे नाबाद २५८ होते. ५९४ धावांच्या या भागीने विजय हजारे आणि गुल महंमद यांची १९४६-४७ ची ५७७ धावांची भागी मागे टाकली. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या संपूर्ण इतिहासात त्या वेळी तिच्याहून मोठी भागी एकच होती, कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांची ६२४ धावांची.

त्याच सामन्यात दिल्लीच्या डावात एकोणीस वर्षांच्या एका यष्टिरक्षकाने ३०८ धावा काढल्या. त्याचे नाव ऋषभ पंत. पुढच्या फेब्रुवारीत तो भारताकडून खेळला, आणि ती निवड योग्य होती हे त्याने नंतर सिद्ध केले. बावणे महाराष्ट्राकडेच राहिले, धावा करत राहिले, कर्णधारपद सांभाळत राहिले. एका सामन्यातून एकाला वर बोलावले गेले आणि दोघे खाली राहिले. पंतांचा डाव देशास पाठ आहे. उरलेल्या दोघांचे डाव त्यांच्या स्वतःच्या प्रांतास पाठ नसावेत, हे मला मान्य होत नाही.

मुजुमदारांचे नाव मध्यंतरी पुन्हा सर्वतोमुखी झाले, कारण २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि त्या संघाचे प्रशिक्षक ते होते. तो आनंद माझाही होता. पण त्या आठवड्यात जिकडेतिकडे असे लिहिले गेले की त्यांच्या अपुऱ्या कारकिर्दीची अखेर भरपाई झाली, आणि तेवढ्यापुरता माझा विरोध आहे. ११,१६७ धावांची भरपाई करण्याजोगे त्यांत अपुरे काय होते?

म्हणून या सदराच्या संपादकांकडे माझा एक अर्ज आहे. येत्या हंगामात महाराष्ट्राच्या प्रत्येक रणजी सामन्याचा संपूर्ण धावफलक, अकराच्या अकरा नावांनिशी, परभणी जिल्ह्याच्या पानावर छापला जावा. त्यास चार बोटे जागा लागते. फाट्यावर अंक सकाळच्या पहिल्या गाडीने येतो आणि दुपारपर्यंत त्याचे पान न् पान वाचले जाते, एवढी हमी मी देतो.