फिनाईल मारलं, झालं?

तर मंडळी, आजचा विषय सरड्याची शी. नाक मुरडू नका, पूर्ण वाचा.

माझ्या एका मित्राचं कळंबला सेकंड होम आहे. तिथे त्याने बिअर्डेड ड्रॅगन पाळलाय, म्हणजे ऑस्ट्रेलियातला सरडा. (आपली घोरपड किंवा तारा कासव पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो विचारही नको.) सरड्याच्या पोटात कॉक्सिडिया निघाले. डॉक्टरांनी औषध दिलं, पेटी निर्जंतुक करायला सांगितली. साहेबांनी मुंबईहून केअरटेकरला फोन केला, "दादा, फिनाईल मारून घ्या." काही आठवड्यांनी शी तपासली, तर कॉक्सिडिया परत हजर! आता साहेब म्हणतात, डॉक्टर बोगस.

डॉक्टर कशाला बोगस? बग सर्व्हरवर आहे आणि तुम्ही क्लायंट रीइन्स्टॉल करताय. औषध सरड्याच्या पोटात काम करतं, पेटीत नाही.

कॉक्सिडियाच्या अंड्यांसारख्या कणांना जाड कवच असतं. फिनाईल, अँटिसेप्टिक, नेहमीच्या प्रमाणातलं ब्लीच, यांना ते दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात याच जातकुळीतल्या क्रिप्टोस्पोरिडियममुळे अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. नळाचं पाणी क्लोरीन घातलेलंच होतं! पण आपल्याला वास आला की स्वच्छ वाटतं. हा वासाचा भक्तिभाव आधी सोडा.

हे कवच हरतं ते उष्णतेपुढे. आधी सरडा दुसरीकडे हलवा आणि पेटी साबणाने घासा, कारण शीच्या थराखाली काहीच पोचत नाही. मग वाफ द्या. थंड काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. दगड, वाट्या उकळून घ्या. शेवटी सगळं खडखडीत वाळवा. आणि ब्लीचमध्ये अमोनिया किंवा अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

खरी गोची लाकडाची. लाकूड सच्छिद्र, वरून पुसून आत काहीच होत नाही. उलट फिनाईल आत मुरतं, दिव्याखाली तापलं की बाहेर येतं, आणि सरडा त्याच फांदीवर बसून ती चाटतो. फिनॉलवर्गीय रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारीच. छोटा तुकडा भरपूर वेळ उकळा. मोठा ओंडका? कितीही महाग असो, फेकून द्या. आणि हो, ओढ्यात नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात. उन्हात ठेवू म्हणाल तर जुलैत कळंबला लाकूड वाळत नाही, बुरशी धरतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र फुकटचं आहे. ताज्या शीतले ते कण लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना बहुधा एखाद-दोन दिवस लागतात. म्हणून उपचार चालू असताना खाली साधा कागद अंथरायचा आणि शी रोजच्या रोज उचलायची. हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. साल्मोनेलाही असू शकतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही धुवायचं नाही.

आता हे रोज करणार कोण? सोमवार ते शुक्रवार तो केअरटेकर दादाच. मग त्याला हातमोजे द्या, कारण समजावून सांगा, आणि या वाढीव कामाचे पैसेही द्या. पेटीवर, दिव्यांवर हजारो उधळायचे आणि या माणसाला फोनवर अर्धं वाक्य? असं चालणार नाही.

शनिवारी येऊन फोटो काढण्यापुरताच प्राणी हवा असेल, तर तो पाळूच नये. बघा पटतंय का.