सामाईक काटा कोणाच्या हाती? खामगावच्या कापूस बाजारापासून सर्व्हरमधल्या आभासी यंत्रांपर्यंत

१/ खामगावच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासाठी आता प्रत्येक वेळी तलाठी कार्यालय गाठावे लागत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. पण असे अभिलेख जिथे राहतात, त्या डेटा सेंटरांतील बहुतेक ‘सर्व्हर’ आज लोखंडी पेट्या नसून आभासी यंत्रे असतात. एका पेटीत अशी अनेक यंत्रे नांदतात. मग त्या पेटीवर सत्ता कोणाची? हा प्रश्न खामगावला नवा नाही.

२/ अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा अवघ्या आठ मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरूनच त्या बाजाराचे वजन कळावे.

३/ बाजार एक, माल शेकडोंचा. प्रत्येकाची बंडी वेगळी, ढीग वेगळा. मात्र आवार, काटा आणि मापारी सामाईक. अशा व्यवस्थेला दोन अटी असतात: एकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळता कामा नये आणि काटा सर्वांना सारखा असला पाहिजे. त्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती आली. दलाल आणि मापाऱ्यांना परवाना घ्यावा लागू लागला.

४/ सर्व्हरचे आभासीकरण म्हणजे नेमकी हीच रचना. पूर्वी प्रत्येक कामाला एक स्वतंत्र यंत्र असे आणि त्याची बरीचशी ताकद दिवसभर रिकामी पडून राही. ‘हायपरव्हायजर’ हे सॉफ्टवेअर यंत्र आणि त्यावरील कार्यप्रणाली यांच्या मधे बसते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी ते करते. प्रत्येक आभासी यंत्राला वाटते की, अख्खी पेटी आपलीच. काटा इथे हायपरव्हायजरच्या हाती असतो.

५/ ही कल्पना क्लाउडच्या जमान्यातली नव्हे. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज केंद्रात १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम सुरू झाले. १९६७ मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. एका यंत्रावर तिने चौदापर्यंत आभासी यंत्रे चालवली. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आले. संगणक अतोनात महाग होते, म्हणून वाटून वापरणे भाग होते. या शोधाची आई टंचाईच.

६/ स्वस्त पर्सनल कॉम्प्युटर आले आणि वाटणीची गरज विसरली गेली. त्यांच्या प्रोसेसरच्या काही आज्ञा अशा होत्या की, मध्यस्थाला त्या हटकताच येत नसत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने चालत्या प्रोग्रॅममधल्या अशा आज्ञा ऐनवेळी बदलून ही अडचण सोडवली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय दिली. २००७ मध्ये केव्हीएम हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले.

७/ उभारणी दिसायला सोपी आहे. यंत्राच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करायची, कोऱ्या पेटीवर थेट हायपरव्हायजर बसवायचा, व्यवस्थापनाचे नेटवर्क इतरांपासून वेगळे ठेवायचे, साठवण जोडायची आणि मग एकेक आभासी यंत्र घडवायचे. अर्ध्या दिवसाचे काम. खरी कसोटी त्यानंतरच्या दहा वर्षांची असते.

८/ पहिला मोह अतिवाटपाचा. पेटीत चौसष्ट जीबी मेमरी असताना शंभर जीबीची वचने देता येतात. सगळे एकदम मागायला आले की सगळेच रखडतात. दुसरा भ्रम ‘स्नॅपशॉट’चा. ती एका क्षणाची नोंद असते आणि बहुधा मूळ डिस्कच्या आधारानेच उभी असते. मूळ गेले की तीही जाते. तिला बॅकअप समजणे म्हणजे दप्तराची नक्कल त्याच कपाटात ठेवणे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीने एका जागी साठवलेल्या कागदांचे काय होते ते महाराष्ट्राला दाखवले आहे.

९/ परंतु सर्वांत मोठा धोका तांत्रिक नाही. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय भागभांडवल वाढवण्याच्या अटीवरून मतभेद झाले आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील व्यवसाय आवरता घेतला. यंत्रे इथेच राहिली. त्यांची निगा कोण राखणार, हा प्रश्न उरला. तो पेलला सीएमसी या सरकारी कंपनीने. पर्यायी हात तयार होते, म्हणून काम थांबले नाही.

१०/ नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली आणि वर्गणीची पद्धत आली. जगभरच्या संस्थांना आपल्या खर्चाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. काटा तिचाच होता. चूक असेल तर ती दुसरा काटा न ठेवणाऱ्यांची.

११/ यावर आक्षेप रास्त आहे. मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर मुरलेले असते, अडचणीला फोन उचलणारे कोणी असते. मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण जाणती माणसे लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती सहज मिळत नाहीत. म्हणूनच ‘सगळे फुकटचे वापरा’ हे उत्तर अपुरे आहे.

१२/ पुरेसे उत्तर असे: सार्वजनिक अभिलेख ज्या हायपरव्हायजरवर असतील, त्याच्या करारातच बाहेर पडण्याची वाट लिहिलेली असावी. आभासी यंत्र म्हणजे शेवटी काही फायली. त्या दुसरीकडे नेता येतात. पण ड्रायव्हर, नेटवर्क, बॅकअप नव्याने जुळवावे लागतात. म्हणून निदान वर्षातून एकदा काही यंत्रे प्रत्यक्ष हलवून आणि बॅकअपमधून उभी करून पाहावीत. ज्या स्थलांतराची तालीम झालेली नाही, ते संकटाच्या रात्री होत नाही.

१३/ आणि हे काम करणारी माणसे कायमची, प्रशिक्षित आणि जबाबदार हवीत. पेशवे दफ्तराचे रुमाल आज वाचता येतात, कारण कोणीतरी ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले, मोजले, वाळवीपासून राखले. सर्व्हरचा प्रशासक हा आजचा दफ्तरदारच आहे. त्याला कंत्राटातली एक ओळ समजणे इतिहासाला परवडणारे नाही.

१४/ १८९७ च्या कायद्याची एक उणीवही ध्यानात ठेवावी. काट्यावर समिती आली, पण तीत प्राबल्य व्यापाऱ्यांचेच राहिले; कापूस पिकवणाऱ्याचा आवाज क्षीणच होता. आजही सर्व्हरचे निर्णय विक्रेता आणि खरेदी विभाग यांच्यात होतात. ज्याच्या नावाचा सातबारा त्यात आहे, तो त्या खोलीत नसतो. काटा सामाईक असेल, तर तो तपासण्याचा हक्कही सामाईक असला पाहिजे.