आईच्या माघारी कोण?



‘शिंगव्याला माउली आहे, मग मतिमंदांसाठी नवी सोय कशाला?’ असे गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारले आहे. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांचे ‘माउली’ हे घर रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांचे. मनोविकारावर औषधोपचार असतात; बौद्धिक अक्षमता जन्मभर सोबत राहते. दोन्हींची निगा वेगळी.

माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा. बटणे लावतो, पण दार कोणाला उघडावे ते त्याला कळत नाही. आई 74 वर्षांची. तिच्यामागे त्याचे जेवण, फिटची गोळी, बँकेचे खाते कोण बघणार? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमणारी जिल्हास्तरीय समिती आहे, ‘निरामया’ विमा आहे, आजन्म निवासाची ‘घरौंदा’ योजना आहे. हे धागे एकत्र बांधून देणारा एक माणूस मात्र आम्हाला आजवर भेटला नाही. वझ्झरला अनाथ दिव्यांगांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी त्यांच्यातल्या अठरा ओलांडलेल्यांच्या कायम निवासाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, ती याच काळजीपोटी.

वृद्ध आईवडिलांजवळ राहणाऱ्या अशा प्रौढांची तालुकावार यादी प्रशासनाने करावी. भावाचे नाव द्यायला मी उद्या येते.

– एक बहीण, सावेडी