काळा म्हणजे कडकनाथ?

मार्गशीर्ष लागला की माळेगावच्या खंडोबा यात्रेपासून तालुक्या-तालुक्यांतल्या पशुमेळाव्यांपर्यंत कुक्कुट प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. कडकनाथच्या पिंजऱ्यांपुढे गर्दी ठरलेली. परीक्षक काय करतात ते बहुतेक वाचकांनी पाहिलेले आहे. कोंबडा पिंजऱ्यातून काढायचा, डाव्या हातावर पालथा घ्यायचा, अंगठ्याने चोच उघडून जीभ बघायची, छातीच्या पिसांत फुंकर मारून कातडी बघायची, पंजा उलटा करून तळवा आणि नखे तपासायची आणि शेवटी काट्यावर ठेवायचा. जीभ काळी, कातडी काळी, काटा जड, की पहिला नंबर.

या पद्धतीवर आमचा आक्षेप आहे. अशा निवाड्यातून शुद्ध पक्ष्यापेक्षा संकराला बक्षीस मिळण्याची शक्यता जास्त. हे वाचून काही वाचक रागावतील, पण आधी काळेपणाचे गणित बघू.

कडकनाथची कातडी, तुरा, जीभ, हाडांवरचे आवरण आणि आतले अवयव काळे होतात ते एका जनुकीय बदलामुळे. विसाव्या गुणसूत्रावरच्या एंडोथेलिन-3 या जनुकाच्या परिसराची जास्तीची प्रत तयार झाली आहे. तिच्यामुळे रंगपेशी वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वाढतात आणि जिथे एरवी पोचत नाहीत तिथे जाऊन बसतात. हा उलगडा 2011 साली झाला. चिनी सिल्की, इंडोनेशियाचा अयाम चेमानी, स्वीडनची स्वार्थहोना आणि आपला कडकनाथ यांच्यात बदल हाच आहे. (रक्त मात्र लालच असते आणि अंडी फिकट तपकिरी. काळी अंडी विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.)

मुद्दा असा की हा गुण प्रभावी आहे. पिल्लाला आई किंवा बाप यांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो. त्याला अडवणारा दुसरा घटक लिंग-गुणसूत्रावर असतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या पुष्कळ जातींत हा अडसर आढळतो. निळसर-सावळ्या पायांच्या पक्ष्यांत तो नसतो. 1911 साली बेटसन आणि पनेट यांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न यांचा संकर करून हे दाखवले होते. सिल्की कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा अशी जोडी लावली तर सगळीच पिल्ले फिकी. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा सिल्की आणि कोंबडी लेगहॉर्न, तर नर फिके आणि माद्या मात्र गडद काळ्या.

आता हेच आपल्या खुराड्यात आणून बघा. एक कडकनाथ कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला. कोंबड्या पिवळ्या पायांच्या असल्या तरी तलंगा काळ्या निघणार. सावळ्या पायांच्या असल्या तर कोंबडेसुद्धा काळे. वर गावठी रक्तामुळे ही पिल्ले वाढीला चलाख, अंगाने भरदार. प्रदर्शनाच्या टेबलावर त्यांची जीभ उघडा, पिसे फुंका, सगळे पास! अस्सल कडकनाथ कोंबडा पूर्ण वाढल्यावर 1.8 ते 2 किलो आणि कोंबडी 1.2 ते 1.5 किलो भरते, पाच महिन्यांत तर जेमतेम किलोच्या आसपास. म्हणून पावणेतीन किलोचा 'कडकनाथ' कोंबडा टेबलावर आला की टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या आजीची चौकशी करावी.

संकराचे बिंग पुढच्या पिढीत फुटते. असे दोन संकर एकमेकांना लावले की साधारण चौथा हिस्सा पिल्ले गोऱ्या कातडीची निघतात. ती निघाली की घाऊक पिल्ले विकणारे म्हणतात, "हवामानाचा फरक." हवामानाने कातडी गोरी होत नाही. ज्याला आपल्या कोंबड्याची खात्री करायची असेल त्याने तो सावळ्या पायांच्या पाच-सहा गावठी कोंबड्यांवर सोडावा, अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली नाहीतर यंत्रात ठेवावीत आणि वीसेक पिल्ले बघावीत. सगळी काळवंडलेली असतील तर कोंबड्यात काळेपणाची जोडी पूर्ण आहे. निम्मी गोरी असतील तर त्याला बाजूला करा. ही चाचणी फक्त काळेपणाची आहे, जातीची नाही. काळेपणा टिकवून बाकी सगळे रक्त गावठी करून टाकणे तीन-चार पिढ्यांत सहज जमते.

हे जमवणाऱ्यांचा सुळसुळाट का झाला ते महाराष्ट्रात सांगायला नको. झाबुआ, अलीराजपूर आणि धारच्या भिल्ल-भिलाला पाड्यांत 'काली मासी' म्हणून सांभाळलेली ही कोंबडी. 2018 साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि भाव भडकले. पिल्ले देऊ, अंडी परत घेऊ अशा हमीच्या योजना निघाल्या. सांगलीकडे 2019 मध्ये त्यातला एक डोलारा कोसळला आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या, ते चित्र सगळ्यांनी पाहिले. पैशांची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या दोन-तीन वर्षांत घाईघाईने उबवलेली आणि पुढे मातीमोल भावाने गावोगाव फुकली गेलेली लाखो पिल्ले कुठल्या रक्ताची होती, याची चर्चा झाली नाही. आज आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पिंजऱ्यात त्यांचीच नातवंडे-पतवंडे आहेत.

प्रदर्शन भरवू नये असे आम्ही म्हणत नाही. प्रदर्शनांनी जाती वाचवल्या आहेत. इंग्लंडात 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींना बंदी झाली आणि पुष्कळ शौकीन आखाड्यातून प्रदर्शनाकडे वळले. तामिळनाडूत राघूचोच्या, लांब शेपटीच्या असीलांची प्रदर्शने भरतात, त्यामुळे तिथे झुंजीवाचूनही असीलाला मान आणि दाम आहे. पण प्रदर्शन जातीचे वाटोळेही करते. कोचीन कोंबडीचे उदाहरण घ्या. 1840 च्या दशकात चीनहून इंग्लंडात आली तेव्हा भर थंडीत अंडी देणारी म्हणून तिचे कौतुक झाले. लोक वेडे झाले, अवाच्या सवा किमती गेल्या. परीक्षकांना तिच्या पायांवरची पिसे आवडली. मग पिसांसाठी निवड, आणखी पिसे, आणखी फुगीर अंग, आणि काही दशकांत अंड्यांची ख्याती मागे पडून कापसाच्या गाठोड्यासारखा शोभेचा पक्षी उरला. परीक्षकाने गुण कशाला दिले त्यावर जात कुठे जाणार ते ठरते. कडकनाथच्या बाबतीत आपण गुण काळेपणाला आणि वजनाला देतो आहोत. काळेपणा संकरातही येतो आणि वजन संकरातच जास्त येते, म्हणजे बक्षिसाचा रोख सरळ संकराकडे आहे.

मग बघायचे काय? पिसाऱ्याचे तीन प्रकार मान्य आहेत: पूर्ण काळा, मानेवर पांढरट-करड्या रेघांचा पेन्सिल्ड, मान आणि डोक्याच्या पिसांवर सोनेरी झाक असलेला गोल्डन. एका पिंजऱ्यात हे तिन्ही कालवून 'कडकनाथ, मिश्र' म्हणून मांडू नयेत. तुरा एकेरी, करवतीच्या दात्यांचा. तुरा आणि चोचीखालची लोंबती चामडी जांभळट-काळी हवी. लालसर झाक दिसली तर गुण कापा. बांधा हलका, पाय उंच, पक्षी चपळ. वजनाला खालची मर्यादा असतेच, वरचीही असावी आणि तिच्यापुढे गेलेला पक्षी बाद व्हावा. तुऱ्याला खोबरेल चालेल, काजळ नाही.

पण एवढ्यानेही भागत नाही, कारण एकटा पक्षी बघून जात कळत नाही, कळप बघून कळते. आमची मुख्य सूचना हीच आहे. बक्षीस एका कोंबड्याला न देता एक कोंबडा, दोन तलंगा आणि त्याच जोडणीतली सहा पिल्ले अशा संचाला द्यावे. सोबत नोंदवही असावी. पिल्लू अंड्यातून बाहेर आले त्याच दिवशी बोटांमधल्या पडद्याला छिद्र पाडून खूण करता येते. दोन्ही पायांत मिळून चार पडदे, त्यातून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. सोळा घराणी ओळखायला यंत्र लागत नाही, पंधरा-वीस रुपयांची वही पुरते.

नोंदीची गरज आणखी एका कारणाने आहे. आपल्याकडे बहुतेकांची जोडणी एक कोंबडा आणि दहा कोंबड्या अशी असते. पैदासशास्त्राच्या हिशेबाने या अकरा पक्ष्यांची 'खरी' संख्या चारसुद्धा भरत नाही आणि दर पिढीला सगोत्रपणा जवळपास 14 टक्क्यांनी वाढतो. अंडी पांढरी निघणे (म्हणजे निर्बीज), पिल्ले कवचात मरणे, वर्षाला 80-100 अंडी देणारी कोंबडी 50 वर येणे, या तक्रारींची मुळे पुष्कळदा इथेच असतात, खाद्याच्या पोत्यात नाही. हा वेग एका टक्क्यावर आणायचा तर 15 कोंबडे आणि 75 कोंबड्या लागतात. एका माणसाला हे झेपणारे नाही. पाच जणांना झेपते. प्रत्येकाने तीन कोंबडे आणि पंधरा कोंबड्या ठेवायच्या. तलंगा घरीच राहतात. दरवर्षी निवडलेले तरुण कोंबडे मात्र पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, पाचव्याकडून पुन्हा पहिल्याकडे जातात. भांडणे होतील. चांगला कोंबडा शेजाऱ्याला देताना कुणाचाही हात आखडतो. म्हणूनच क्रम आधी ठरवून लिहून ठेवावा.

पाच ठिकाणी कळप असण्याचा दुसरा फायदा फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरने शिकवला. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे. शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तीच वेळ आली. सगळे रक्त एकाच गावात असले तर एका आदेशात संपते. याच कारणाने प्रदर्शनातून परतलेला पक्षी, मग तो पदक घेऊन आलेला असला तरी, तीन आठवडे वेगळा ठेवावा. त्याचे पाणी, भांडी वेगळी, आणि त्याला हात लावायचा तो इतर पक्ष्यांचे झाल्यावर. मानमोडीची लस प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. किमान दोन-तीन आठवडे आधी द्यावी.

नवापूरचा विषय निघालाच आहे म्हणून आयोजकांना एक विनंती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत बुसरा ही कोंबडी गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या नावावर आहे. नंदुरबार, साक्री, नवापूर आणि पलीकडे डांगचा पट्टा हे तिचे घर. आपल्या प्रदर्शनांत कडकनाथसाठी वेगळा गट असतो, असीलसाठी असतो, हौशी विदेशी पक्ष्यांसाठीही असतो. बुसरा मात्र 'गावठी, इतर' या फलकाखाली उभी राहते, आणि बहुतेक वेळा येतच नाही. यंदा निदान धुळे-नंदुरबारच्या आयोजकांनी तिच्यासाठी वेगळा गट जाहीर करावा. प्रवेश फी घेऊ नये, पाड्यावरून येणाऱ्याला पक्षी आणण्याचे भाडे द्यावे, आणि पिंजऱ्यावर मालकाच्या नावासोबत गावाचे नाव लिहावे. संचाची नोंदवही कशी आखायची त्याचा नमुना पुढच्या अंकात छापत आहोत. तो बुसरालाही तसाच चालेल.