डाग काढावा, अक्षर राखावें

स्वच्छतेचे धडे आम्ही शिक्षक वर्षभर देत असतों. हात धुवा, बांक पुसा, वहीवर डाग पाडूं नका, हीं वाक्यें आमच्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, स्वच्छता कोठें थांबवावी हाही एक धडा आहे, याचें आम्हांस विस्मरण होतें. तो धडा यंदा आम्हांस एका चिमुकल्या आगगाडीनें दिला. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

आमच्या छंदमंडळाकडे एका माजी विद्यार्थ्यानें दिलेल्या छोट्या मालगाडीच्या कांहीं वाघिणी आहेत. इंग्लंडांत रूढ असलेल्या ‘डबल ओ’ प्रमाणाच्या त्या आहेत. म्हणजे खऱ्या गाडीचा १ फूट तेथें ४ मिलीमीटरांत बसविलेला असतो. खऱ्या वाघिणीवरील ३ इंच उंचीचें अक्षर येथें अवघ्या १ मिलीमीटराचें होतें! प्रदर्शनापूर्वीं चार दिवस या वाघिणी पेटीबाहेर काढल्या, तों एकीवर किंमतीच्या चिठ्ठीचा चिकटा, दुसरीवर बोटांचे ठसे, तिसरीवर शाईचा डाग. “सोमवारपर्यंत लख्ख झाल्या पाहिजेत,” असा हुकूम सोडून आम्ही मोकळे झालों. एका आज्ञाधारक मुलानें घरून नखांचा रंग पुसण्याचें द्रव्य आणलें आणि शाईचा डाग जोरानें चोळला. डाग गेला, पण त्याबरोबर वाघिणीवरील मालकाचें नांवही गेलें, आणि तिची बाजू मऊ होऊन तींत कापसाचे तंतू रुतून बसले. आम्ही त्यास साऱ्या वर्गादेखत रागें भरलों. संध्याकाळीं घरीं जातांना मात्र मनांत आलें, अपराध कोणाचा? मुदत आम्हीं दिली होती. रीत सांगितली नव्हती.

ती रीत आतां सांगतों. अशा वाघिणी बहुधा पॉलिस्टायरीन किंवा तत्सम प्लॅस्टिकच्या असतात. नखांचा रंग पुसण्याच्या पुष्कळ द्रव्यांत ॲसिटोन असतें, आणि ॲसिटोनमध्यें हें प्लॅस्टिक विरघळतें. वरील अक्षरें मऊ सिलिकोनच्या उशीनें छापलेलीं असतात. त्यांचा थर अतिशय पातळ असतो. म्हणून सौम्य उपाय आधीं, तीव्र उपाय शेवटीं, हा पहिला नियम. प्रथम कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. मग कोमट पाण्यांत भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, कापूस गुंडाळलेल्या काडीनें डाग हलकेच टिपावा व वाट पाहावी. चिठ्ठीचा चिकटा चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलल्यास पुष्कळदां निघतो. न निघाल्यास त्यावर खाण्याच्या तेलाचें बोट लावावें आणि कांहीं मिनिटांनीं साबणाच्या पाण्यानें धुवावें. कोणताही उपाय आधीं वाघिणीच्या तळाशीं, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं अशा जागीं, करून पाहावा, हा दुसरा नियम. चाकांवरील काळें कीट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें निघतें. परंतु चाकें काढून वेगळीं पुसावींत, कारण कित्येक रंग व अक्षरेंही त्या द्रव्यानें पुसलीं जातात.

पत्र्याच्या जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं मेकॅनोचें पेटंट घेतलें, आणि १९२० पासून त्यांच्या कारखान्याच्या आगगाड्या मुलांच्या हातीं आल्या. अशी पत्र्याची वाघीण पाण्यांत बुडवूं नये. पाणी दुमडींत शिरून गंज चढतो. गंजाचा डाग वरून पडलेला नसतो, तो आंतून उमटलेला असतो. तो घासून काढूं गेल्यास भोंवतालचा रंग तेवढा जातो.

कित्येक डाग तर डागच नसतात. निष्णात छांदिष्ट लोक नव्या वाघिणीवर कोळशाची भुकटी व गंज यांचे रंग मुद्दाम चढवितात, कारण राबणारी वाघीण खरोखर तशीच दिसते. आमच्या वाघिणीवरून पुसलें गेलेलें नांवही केवळ शोभेचें नव्हतें. एके काळीं ब्रिटनमधील खाणींचे मालक व कोळशाचे व्यापारी यांच्या स्वतःच्या वाघिणी असत व त्यांवर त्यांचीं नांवें ठळक रंगविलेलीं असत. १ जानेवारी १९४८ रोजीं तेथील रेल्वेचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि अशा बहुतेक वाघिणीही सरकारच्या मालकीच्या झाल्या. पुढें तीं नांवें रुळांवरून नाहींशीं झालीं. अशा चिमुकल्या वाघिणींवर तीं अद्याप वाचावयास मिळतात.

कोणी म्हणेल, अर्धवट स्वच्छता ही आळशाची पळवाट आहे. आमचें म्हणणें तसें नाहीं. बोटांचें तेल, चिकटा, चाकांवरील कीट हें गेलेंच पाहिजे, कारण त्यानें नुकसान होतें. परंतु जो डाग केवळ आमच्या डोळ्यांस खुपतो आणि ज्याच्यासाठीं अक्षराचा बळी द्यावा लागेल, तो राहूं द्यावा. शेतांतील निदण उपटतांना गहूंही उपटला जाईल म्हणून चाकरांस थांबविणाऱ्या धन्याचा दाखला प्रभूनें दिला आहे. तो दाखला आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविला. परंतु पाळण्याची वेळ आली तेव्हां आम्ही चुकलों.

पालकांस व आमच्या बंधुभगिनी शिक्षकांस एवढेंच सांगणें आहे. मुलांच्या अंगीं हट्ट, विसराळूपणा, गबाळेपणा असे चिवट डाग दिसतात. चार दिवसांत ते निघावेत म्हणून आपण चारचौघांत कठोर शब्दांनीं घासूं लागतों. डाग कदाचित् जातो. पण मुलाचा स्वतःवरील विश्वासही त्याबरोबर पुसला जातो, आणि तो पुन्हां छापतां येत नाहीं. कोमट पाणी, मऊ हात व धीर हे उपाय घरोघरीं आहेत. त्यांना वेळ मात्र लागतो.

ज्या वर्गांत आम्ही त्या मुलास रागें भरलों, त्याच वर्गांत दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची क्षमा मागितली. ती वाघीण प्रदर्शनांत इतरांबरोबरच मांडली गेली. आणि ती कशी बिघडली व तशी न बिघडावी म्हणून काय करावें, हें येणाऱ्या जाणाऱ्यास समजावून सांगण्याचें काम त्यानें आपण होऊन पत्करलें.