पायांवर आलेली टाच

आमच्या माहेरी 'टाच' हा शब्द दोनच प्रसंगी निघत असे. एक, थंडीत भेगा पडल्या म्हणजे. आणि दुसरा, कर्जापायी कुणाच्या घरादारावर टाच आली म्हणजे. पहिलीवर आमसुलाचं तेल हा उपाय होता, दुसरीवर उपाय नव्हता. टाच म्हणून तिसरीही एक वस्तू असते, ती बुटाला असते, तिच्यावर बाई उभी राहते आणि ती मजेत उभी आहे असं बघणाऱ्याला वाटतं, हे ज्ञान मला लग्न होऊन कल्याणला आल्यावर झालं. त्या ज्ञानाच्या भरात मी एकदा चांगले उंच टाचांचे सँडल घेतले, एका मुंजीला मिरवले, आणि परत येताना हातात धरून आणले. रिक्षावाल्यानं विचारलं, "काय ताई, पट्टा तुटला?" म्हटलं, "पट्टा शाबूत आहे. धीर सुटला."

तेव्हा पुढं मी जे भांडण मांडणार आहे, ते माझ्या पायांसाठी नाही. माझे पाय त्या मुंजीतच मुक्त झाले. भांडण आहे ते आमच्या धाकट्या भावोजींच्या मुलीसाठी.

आमचं घर सापगावचं. शहापूर ओलांडलं की भातसेच्या काठी. ह्या भातसेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या बायका हंडे घेऊन हिंडतात. पण ते भांडण वेगळं, ते पुन्हा कधीतरी. तर ही पुतणी ठाण्याला एका मोठ्या चकचकीत दुकानात नोकरीला लागली. (दुकान म्हटलेलं तिथं चालत नाही, पण मी म्हणणार.) सकाळी शेअर रिक्षानं आसनगाव, तिथून लोकल, उभ्यानं किंवा दारापाशी फतकल मारून. आणि तिथं पोचल्यावर नियम: काळे बूट, टाच किमान दोन इंच, आणि बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. तिथल्या पर्सांना मखमलीच्या गाद्या आहेत, पोरींना एक स्टूल नाही.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. दिसलं ते गौरीच्या दिवशी. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत मी रांगोळीनं गौरीची पावलं काढत होते. आपण ही पावलं कशी काढतो बघा: मूठ वळून ठसा, आणि वर पाच टिंबं, एकमेकींपासून सुटी, ऐसपैस. टोकदार बूट घालून आलेली गौर अजून कुणी काढलेली नाही. तेवढ्यात पोरगी कामावरून आली. चपला दारात काढल्या आणि माझी रांगोळी चुकवत आत गेली ती चक्क टाचांवर चालत. चवडे जमिनीला लावत नव्हती. मी पदर खोचला आणि तिला ओसरीवर बसवून पाय बघितले. अंगठा शेजारणीकडे कलायला लागलेला, करंगळीवर घट्टा, आणि चवड्याखाली एक लालबुंद वर्तुळ, रुपयाएवढं. वय वर्षं तेवीस. तिथवर मला ह्या विषयात विनोद दिसत होता.

"काही नाही गं काकू," ती म्हणाली, "सगळ्याच मुलींना होतं."

ह्यावर ओसरीची सभा भरली. भावोजी म्हणाले, "वहिनी, कुणी सांगितलंय पण असले बूट घालायला?" म्हटलं, "मालकानं." "मग सोडून दे म्हणावं नोकरी." आता भावोजींच्या मोटारसायकलचा हप्ता कोण भरतं, हे सबंध सापगावला माहीत आहे, म्हणून मी बोलले नाही; आमच्या जाऊबाई खोकल्या फक्त. आमचे हे म्हणाले, "छान दिसायचं म्हणजे थोडं सोसावं लागतंच." ह्यांनी छान दिसण्यासाठी आजवर काय सोसलंय? दाढी करताना एकदा कापलं होतं. तेही दोन दिवस ऐकवत होते.

सासूबाई मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या, "मी चांदीचे तोडे घातले पायात. घोट्याचं कातडं सोलून निघायचं. सोसलं. पण बरं वाटायचं असं कधी म्हटलं नाही हो." आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी भावोजींना त्यांच्याच भाषेत सांगितलं. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली, तेव्हा त्यांनी मोटारसायकल सोडली का? नाही. शहापूरला जाऊन गाडीचे शॉकअप बदलून आणले, सीटवर नवा फोम घातला, आणि आता खड्ड्यातूनही कसं झुल्यावर बसल्यासारखं वाटतं, ते येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून दाखवतात. पुरुषाला वस्तू टोचली की वस्तू दुरुस्त होते. बाईला टोचली की बाईला दोनच रस्ते: सोडून दे, नाही तर सोस. बुटाकडे बघतच नाही कुणी. टाच काय ज्ञानेश्वरीतली ओवी आहे, की तिला हात लावायचा नाही?

आणि ह्या टाचेची कुळकथा तरी काय! मुळात ती इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय घट्ट बसावा, रिकिबीत उभं राहून बाण मारता यावा म्हणून. सोळाशे सालाच्या आसपास युरोपातल्या सरदारांनी ती उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालून मिरवायचा, आणि तशा लाल टाचा त्याच्या दरबारातल्यांनाच घालता येत. म्हणजे टाच मूळची पुरुषांची. त्यांनी ती दीडेकशे वर्षं घालून बघितली आणि अठराव्या शतकात मुकाट्यानं सोडून दिली. घोडा गेला, रिकीब गेली, टाच तेवढी बायकांच्या वाट्याला राहिली. पुढं १९५० नंतरच्या दशकात कारागिरांनी टाचेच्या पोटात पोलाद घालून ती पेन्सिलीएवढी बारीक केली. पोलाद वापरायची अक्कल होती. ती लावली बारकाईला.

दुखतं का, ह्यात गूढ काही नाही. अनवाणी उभं राहिलं की अंगाचा निम्म्याहून जास्त भार पायाच्या टाचेवर असतो. टाच वर उचलली की तो भार उतारावरून चवड्याकडे घसरतो. पोटरी आखडते, पाय पुढं सरकतो आणि बोटं बुटाच्या नाकात जाऊन कोंबली जातात. एका पायात २६ हाडं. लोकलच्या लेडीज डब्यासारखी ती एका निमुळत्या कोपऱ्यात भरायची. डब्यातल्या बायका भांडतात तरी, हाडं बिचारी नुसती कलतात.

त्यात आणखी एक मेख आहे. आपल्या बुटांवरचे नंबर परदेशी पायांवरून आलेले. पूर्वी विलायती, मग युरोपी. दुकानात जाऊन लांबीचा नंबर मागा, देतील. रुंदीचा मागून बघा, पोरगा तुमच्याकडे बघेल. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशभर ७९ ठिकाणी लाखावर लोकांचे पाय यंत्रानं मोजले. निघालं काय, तर आपले पाय युरोपी-अमेरिकन पायांपेक्षा रुंद. म्हणून भारतीय पायांसाठी वेगळे नंबर सुचवले गेले, त्यांना नाव 'भा'. भारतातला भा. मला हे वाचून हसू आलं आणि रडूही. आमच्या सापगावात चिखलात उभ्यानं भात लावणारी कुठलीही बाई हे यंत्राशिवाय सांगू शकली असती. लावणीत बोटं पसरून चिखल धरावा लागतो हो. ते पाय घेऊन आमची पोरगी लोकलनं ठाण्याला जाते आणि एका मडमेच्या बुटात घालते. मडम सुद्धा खरी नाही, फर्म्यावरची.

कोल्हापुरीसुद्धा चावते, असं आमचे हे मध्येच म्हणाले. चावते. पण चार दिवस तेल पाजलं की कातडं वळतं आणि पायाची होऊन जाते. ती चावते सुनेसारखी, नवी असेतोवर. हे उंच टाचांचे बूट चावतात ते भाडेकरूसारखे, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो बूट पिशवीत घालून मी कल्याणला आणला आणि स्टेशनाबाहेरच्या गटईवाल्यांपुढं ठेवला. माझ्या मते ह्या माणसाला कुठल्याही बूट कंपनीत मोठ्या पगारावर बसवायला हरकत नाही. त्यांनी बूट उचलला, दोन हातांत धरून मधोमध दाबला, आणि तो पुरीसारखा दुमडला. "बघा, पोटात पट्टी नाही. पोलादाची पट्टी पाहिजे, तर पायाची कमान टेकते. ह्यात पाय लोंबकळतो." मग बूट फळीवर ठेवून टाचेला बोटानं ढकललं, टाच डुलली. "आणि ही बसवलीय पार मागं. टाचेच्या मधोमध खाली पाहिजे, खांब कसा तुळईखाली असतो तसा."

मी विचारलं, आत जाड गादी घातली तर? मला वाटलं होतं की मी मोठी युक्ती सांगते आहे. ते हसले. "ताई, बोटांखाली गादी घातली तर बूट आणखीन घट्ट. चवड्याच्या मागं घालायची, जिथं खोलगट आहे तिथं. छोटी, बदामाएवढी." मग रापी काढली. टाच तळातून पाव इंच उतरवली. मी म्हटलं, अजून काढा की, नियम दोनाचा आहे, बूट अडीचाचा. तर म्हणाले, "ह्याहून जास्त काढली तर बुटाचं नाक वर जाईल, चालताना पोरगी मागं पडेल." तळाला रबर ठोकलं, चवड्यामागं चामड्याची उशी चिकटवली, घोट्यावरून एक पट्टा शिवला, म्हणजे पाय पुढं घसरू नये. नाकात लाकडी फर्मा ठोकून बूट रात्रभर ताणायला ठेवला. अडीचशे रुपये. पोलादी पट्टी मात्र आता घालता येत नाही म्हणाले, ती बूट बांधतानाच घालावी लागते.

अडीचशे रुपयांत रस्त्यावर बसलेल्या माणसाला जे सुचतं, ते तीन हजाराच्या बुटात का नसतं? परवडत नाही म्हणून? डब्याला आत तीन थर गुळगुळीत कागद असतो, तो परवडतो. खरं कारण हे, की बाई बूट उभ्याउभ्या दोन मिनिटं घालून आरशात बघते आणि घेते, आणि चावला तर दोष स्वतःच्या पायाला देते. 'माझे पायच रुंद आहेत.' असली गिऱ्हाइकं मिळाल्यावर कोण कशाला पट्टी घालतंय?

उगाच खोटं बोलणार नाही. चार इंची टाच कुणाच्या बापाला आरामाची करता येणार नाही. आत पिसं भरा नाही तर बर्फी भरा. पण दोन इंचांची, रुंद, नाकाशी मोकळी, पोटात पट्टीची टाच करता येते, आणि ती छानही दिसते. ज्यांना हौस आहे त्यांनी ती खुशाल घालावी, लग्नात नाचावं. हौसेचं दुखणं आपण सोसू. नियमाचं का सोसावं? लंडनमध्ये २०१५ साली एका स्वागतिकेला सपाट बूट घातले म्हणून बिनपगारी घरी पाठवलं. तिनं अर्ज मांडला, दीड लाखावर लोकांनी सह्या केल्या. जपानी बायकांनी २०१९ मध्ये असाच अर्ज केला, तर तिथल्या कामगारमंत्र्यांनी टाचा समाजात गरजेच्या आणि योग्य मानल्या जातात अशी बाजू घेतली. पुढल्याच वर्षी तिथल्या एका विमान कंपनीनं हवाईसुंदऱ्यांवरची सक्ती काढून टाकली, आणि विमानं काही खाली पडली नाहीत. आणि आपल्याकडे केरळात २०१८ साली, तामिळनाडूत २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदा झाला.

"बसायचा कायदा?" भावोजी म्हणाले. "असा कायदा करायला लागतो?"

"लागतो," पोरगी म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं त्या विषयावर बोललेला तो एकच शब्द.

दुरुस्त बूट घालून ती कामावर गेली. टाच पाव इंच उतरली आहे हे तिथल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. नियम करणारे साहेब स्वतः सपाट बूट घालून हिंडतात, त्यांना उंचीचा अंदाज कुठून असणार? अंगठा अजून कललेलाच आहे. पण घरी येते तेव्हा चवडे जमिनीला लावते, आणि घोट्याच्या पट्ट्यासाठी तिच्याबरोबरच्या चार मुली आता त्याच गटईवाल्यांकडे जातात. त्यांचा धंदा वाढला. कंपनीचाही वाढेल, असं वाटून मी बूट बनवणाऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं: पट्टी, रुंदी, उशी, टाचेची जागा, सगळं आकृत्यांसकट. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. माझ्या 'प्रेमाबद्दल' त्यांनी आभार मानले होते आणि सोबत दहा टक्के सवलतीचं कुपन जोडलं होतं. खाली बारीक अक्षरात: फक्त तीन इंच व त्यावरील टाचांसाठी.

कुपन भावोजींनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "वहिनी, ह्याच्यात जेन्ट्स चप्पल बसत असेल का हो?"